न चाखलेली मोहरी

भाव करताना पहिला आकडा समोरच्याने बोलायचा, हा माझा नियम. तो बोलला की मी गप्प बसतो. गप्प बसलेल्या माणसाची लोकांना भीती वाटते आणि ते आपणहून खाली येतात. बडोद्याला मकरपुऱ्यातल्या एका कारखान्याच्या खरेदी खात्यात मी कारकून होतो, तिथे हे शिकलो आणि पुढे स्वतःच्या धंद्यात त्याच्यावरच जगलो. बाटल्या, झाकणं, मिरची, मोहरी, टेम्पो, शेडचं भाडं, सगळ्यात मी घासाघीस केली आणि बहुतेक वेळा जिंकलो. एकदा तर इतका जिंकलो की त्या जिंकण्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. ते सांगायचं तर वहिनीच्या नाकापासून सुरुवात करावी लागेल, कारण आमचा सगळा धंदा त्या नाकावर उभा होता.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. आमची आई लवकर गेली. दादा माझ्याहून पुष्कळ मोठा. त्याचं लग्न झालं तेव्हा मी शाळेत होतो आणि आम्ही रावपुऱ्यात दोन खोल्यांत राहत होतो. वहिनी सांगलीकडची. बडोद्याच्या बाजारात पहिल्या दिवशी तिने भाजीवाल्याला शुद्ध मराठीत भाव विचारला आणि त्याने शुद्ध गुजरातीत दुप्पट सांगितला. घरी येऊन ती मला म्हणाली, "भाऊजी, उद्यापासून तुम्ही चला बरोबर. तुमचं तोंड खराब आहे, बाजारात उपयोगी पडेल." माझ्या तोंडाचं एवढं कौतुक त्याआधी कुणी केलं नव्हतं.

तिच्या माहेरी सोवळं-ओवळं फारसं नव्हतं, पण एक गोष्ट ती घट्ट धरून आली होती. देवाला दाखवल्याशिवाय पदार्थ जिभेला लावायचा नाही. सणाच्या नैवेद्याचं असं पुष्कळ घरांत असतं, पण वहिनीचं रोजच्या आमटीलाही तेच आणि वर्षाच्या लोणच्यालाही तेच. बरणी भरली की पहिला चमचा देवापुढे. त्याआधी कुणी चाखलं तर ते उष्टं. मग मीठ बरोबर पडलंय हे कळायचं कसं? ती झाकण उघडायची, मान थोडी तिरकी करायची, एक श्वास घ्यायची आणि म्हणायची, "चिमूटभर हवं." आम्ही दोघं भाऊ तिची परीक्षा बघायला टपलेले असायचो. ती चुकल्याचं मला आठवत नाही.

तिची खरी कला फेसलेल्या मोहरीत होती. मोहरीची डाळ, जिला बडोद्यात आम्हीसुद्धा कुरिया म्हणतो, ती बारीक करून परातीत घ्यायची आणि पाण्याचे थेंब टाकत तळहाताने घोटत राहायची. हळूहळू ती पांढरट पडते, हलकी होते आणि तिची झणझण नाकात चढायला लागते. थोडं आधी थांबलं तर मिळमिळीत, थोडं पुढे गेलं तर कडू. नेमकं कुठे थांबायचं ते वहिनी परात नाकापाशी नेऊन ठरवायची. श्वास घेतला आणि डाव्या डोळ्यातून पाणी आलं की पदराने पुसून म्हणायची, "झालं." मग त्यात लिंबू, मीठ, हळद, हिरवी मिरची. गुजराती शेजारणी त्यांची रायतां मरचां, म्हणजे मोहरीत मुरवलेल्या मिरच्या, आमच्याकडे आणून द्यायच्या आणि बदल्यात ही मोहरी वाटीभर घेऊन जायच्या.

नोकरी मी रागात सोडली. साहेबाने माझ्या एका खरेदीवर शंका घेतली आणि मी राजीनामा त्याच्या टेबलावर आपटला. खरेदी चोख होती. माझी जीभ चोख नव्हती. नव्वद साल उलटून दोनेक वर्षं झाली होती. जो तो म्हणत होता की आता सगळं खुलं झालंय, परदेशी कंपन्या येणार, पैसाच पैसा. मी मात्र घरी बसलो होतो. दादा सरकारी कचेरीत, खुर्ची पक्की. तो म्हणाला, "रागाचा पगार कोण देतं रे?"

हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही. त्यातलं खरं किती हा प्रश्न वेगळा.

वहिनीने मला एक बाटली भरून दिली. "भाऊजी, सयाजीगंजात जा. स्टेशनसमोर कटलेट-सँडविच विकतात ना, त्यांना द्या. सॉस म्हणून जे लाल पाणी देतात त्यापेक्षा बरंच आहे हे." मी गेलो. मालकाने बोट बुडवून चाटलं, डोळे मिटले, आणि डोळे पुसत मला विचारलं, "आ शुं छे, भाई?" मी काहीच बोललो नाही. पहिला आकडा त्यानेच सांगितला.

तिथून वसतिगृहातली पोरं बाटल्या नेऊ लागली. मग हिवाळ्यात परदेशाहून येणारी गुजराती कुटुंबं परत जाताना खाखऱ्यांबरोबर आमची मोहरी बॅगेत भरू लागली. रावपुऱ्याचा ओटा पुरेना. मी औद्योगिक वसाहतीत एक पत्र्याची शेड घेतली, आसपासच्या दहा-बारा बायका कामावर ठेवल्या आणि वहिनीला म्हटलं, "आता तुम्ही घोटायचं नाही. फक्त कुठे थांबायचं ते सांगायचं."

दादा तोवर कारेलीबागेत सोसायटीत राहायला गेला होता. आजूबाजूला सगळे पगारदार, खालच्या मजल्यावर गणिताचे क्लास, जिन्यापाशी स्कूटरींची रांग. तिथून वहिनी रोज सकाळी रिक्षाने शेडवर यायची. दादाला ते पटलं नाही.

"लोक विचारतात, घरात एका पगारात भागत नाही का?"

"लोकांना सांगा," वहिनी म्हणाली, "बाईसाहेब मॅनेजर आहेत."

"कसली मॅनेजर? लोणचंवाल्याची?"

तेव्हापासून मी त्याच्या तोंडी लोणचंवाला. माझ्यासमोर, सोयऱ्यांसमोर, लग्नाच्या पंगतीत. आमची मोहरी त्याच्या ताटात पहिल्यापासून होती, पण मी लोणचंवाला.

शेडवर वहिनी वेगळीच बाई होती. तिच्यासाठी मी एक खुर्ची आणली होती, पण ती पाटावरच बसायची. मोहरी फेसून तयार होत आली की बायका परात उचलून तिच्यापुढे आणायच्या आणि सगळ्यांचे हात थांबायचे. बाटल्या पुसणारी, झाकणं लावणारी, मिरच्या चिरणारी, सगळ्या वळून बघायच्या. वहिनी श्वास घ्यायची. मागून कुणीतरी विचारायचं, "भाभी, आंख भीनी थई?" डोळा ओला झाला का म्हणून, आणि वहिनी डोळ्याला पदर लावत म्हणायची, "थई, थई. भरा." मग शेडमध्ये पुन्हा आवाज सुरू व्हायचा. पहिली बाटली भरली की त्यातला चमचा भिंतीवरच्या देवाच्या फळीवर जायचा आणि मगच बाकीच्या बाटल्यांची झाकणं बसायची. कुणीही, कधीही चाखायचं नाही.

मुंबईची बाई आली ती या सगळ्यात. तिची तिकडे दोन दुकानं होती, थंडगार, काचेची, चीज आणि ऑलिव्ह विकणारी. कुणाच्या तरी घरी तिने आमची मोहरी खाल्ली आणि शोधत बडोद्याला आली. तिच्या तोंडून मी 'गूर्मे' हा शब्द पहिल्यांदा ऐकला. तिने अर्थ सांगितला तो मला नीट कळला नाही. मी माझ्यापुरता असा घेतला की ज्यांना भूक लागत नाही त्यांचं खाणं. त्यांच्याशी धंदा करायला मला आवडलं असतं. भुकेलेला माणूस भाव फार करतो.

ती शेडमध्ये शिरली, वहिनीपुढच्या परातीपाशी गेली आणि कुणी काही म्हणायच्या आत तिने बोट बुडवून चाटलं.

"अगं बाई, उष्टं केलंत!" वहिनी इतक्या जोरात ओरडली की झाकणं लावणारीच्या हातातलं झाकण खाली पडलं. "भाऊजी, ही परात आता देवाला चालायची नाही."

"वहिनी, पाहुण्या आहेत."

"पाहुण्यांना दुसऱ्या परातीतलं देते. ही बाजूला ठेवा. आपण घरी खाऊ."

ती परात, म्हणजे घराला चांगली पंधरवडाभर पुरेल एवढी मोहरी, तिने बाजूला ठेवली. माझं डोकं फिरलं होतं, पण मुंबईच्या बाईकडे बघितलं तर तिचे डोळे चमकत होते.

"म्हणजे कुणीच चाखत नाही? मग बरोबर झालंय ते कसं कळतं?"

मी गप्प बसलो. वहिनीने दुसरी परात उचलली, श्वास घेतला, डोळा पुसला. मुंबईच्या बाईला धक्का बसल्यासारखं झालं. त्याच क्षणी मला कळलं की इथे विकायची वस्तू मोहरी नाही, ही पद्धत आहे. मी म्हटलं, "बाई, आमच्याकडे जिभेला काम नसतं. मशीन नाही, लॅब नाही. घरातली ज्येष्ठ स्त्री नाकाने ठरवते. देवाआधी कुणी चाखत नाही." ती म्हणाली हे लेबलवर पाहिजे. मी म्हटलं, मग बाटली छोटी आणि भाव मोठा. तिने मान्य केलं. दोन्ही बाजूंनी कागदावर सह्या झाल्या तेव्हा मला वाटलं, दादाला हा कागद दाखवावा. दाखवलाही. त्याने चष्मा काढला आणि म्हणाला, "बायकोचं नाक विकलंस की माझ्या."

मी हसलो. तो चिडलाय म्हणून मला बरं वाटलं होतं.

छोट्या बाटल्या खपल्या. मुंबई, मग पुणे, मग दिल्लीतली दोन हॉटेलं. बाई म्हणाली, आणखी काहीतरी द्या. आम्ही लसणाची लाल चटणी काढली. तिला मिरची पूड लागते, आणि बाहेरून पूड आणायची तर भेसळ. म्हणून मी मिरची दळायची चक्की घ्यायचं ठरवलं.

चक्की मिळाली ती बंद पडलेल्या एका मसाल्याच्या गिरणीतली. मालक म्हातारा गुजराती शेठ, पांढरं धोतर, शांत आवाज. यंत्र उत्तम होतं. त्याच्या वर पत्र्याचा मोठा झाकणासारखा भाग होता आणि त्यातून एका जाड कापडी थैलीत जाणारा पंखा. उडणारी पूड ओढून घ्यायला. शेठ म्हणाला, "जुओ भाई, मशीन साथे आ हूड ने थेली लेवी पडशे. नहीं तो मरचुं आखा शेडमां उडशे." यंत्राबरोबर हे झाकण आणि थैली घ्यावीच लागेल, नाहीतर मिरची सगळ्या शेडभर उडेल, असं त्याने मला सांगितलं. स्पष्ट सांगितलं.

मी गप्प बसलो. तो आकडा खाली आणत गेला. शेवटी एका जागी अडला, त्याखाली यायला तयार होईना. तेव्हा मी माझी चाल खेळलो. म्हटलं, "शेठ, हूड-थैली तुम्हीच ठेवा. नुसती चक्की द्या." त्याने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग हात पुढे केला. त्या दिवशी घरी जाताना मी रावपुऱ्यात गाडी थांबवून भजी खाल्ली, असा खूश होतो.

चक्की बसवायची कुठे? शेडला एकच मोठी खिडकी. तिच्यापाशी वहिनीचा पाट होता, तिला उजेड लागायचा म्हणून. चक्कीला हवा लागणार, म्हणून तीही तिथेच. पाट हलवायला मी सांगितलं नाही, आणि तिनेही म्हटलं नाही. दळण सुरू झालं की लाल धूळ उन्हाच्या पट्ट्यात तरंगताना दिसायची. बायकांनी ओढण्या नाकावर बांधल्या. वहिनीने पदर धरला, पण परात आली की पदर सोडावा लागायचा. तिला शिंकांचा मोठा झटका यायचा. डोळे लाल करून ती म्हणायची, "भाऊजी, तुमची मिरची तुमच्यासारखीच आहे. कारण नसताना भांडते."

"सवय होईल," मी म्हणायचो.

आणि झाली. काही महिन्यांनी शिंका थांबल्या. मी ते बघितलंही आणि समाधान मानलं.

पावसाळा संपता संपता मुंबईहून माल परत आला. खोक्यांवर बाईच्या दुकानाची चिकटपट्टी तशीच होती. फोनवर ती रागावली नव्हती, तिला वाईट वाटलंय हे आवाजात कळत होतं. मला राग जास्त चालला असता. मोहरी कडू, नुसती कडू. दिल्लीच्या हॉटेलाने सगळ्या बाटल्या परत केल्या होत्या. "तुम्ही म्हणता चाखत नाही," ती म्हणाली, "मग आता एकदा चाखा."

मी एक बाटली उघडून चमचाभर तोंडात घेतली. धंदा सुरू झाल्यापासून शेडमध्ये उभं राहून मी चाखलेला तो पहिला चमचा. थुंकून टाकला आणि वहिनीकडे गेलो.

त्यावेळी मी काय बोललो ते सगळं इथे लिहिणार नाही. सगळ्या बायका ऐकत होत्या. थोडक्यात एवढंच की तुमचं लक्ष कुठे असतं, घरून निघताना नाक घरीच ठेवता का, आणि माझ्या नावाचं लेबल तुमच्या भरवशावर छापलंय हे विसरलात का. दादा मला लोणचंवाला म्हणतो ते तुम्ही खरं करणार, हेही म्हटलं. वहिनी पाटावर बसून राहिली. मग म्हणाली, "चुकलं असेल." त्यापुढे काही नाही. माझ्याशी भांडायला तिला एरवी निमित्त लागत नसे. त्या दिवशी ती भांडली नाही म्हणून माझा राग आणखी वाढला.

दुसऱ्या दिवशी ती आली. परात आली. सगळ्यांचे हात थांबले. या वेळी मी समोर उभा होतो, हाताची घडी घालून. तिने श्वास घेतला, डाव्या डोळ्याला पदर लावला, म्हणाली, "भरा." मी पदराकडे बघितलं. तो कोरडा होता. ते मी पाहिलं आणि त्याचा अर्थ लावला नाही. वाटलं, बाई रागावलीय, माझ्यावरचा राग कामावर काढतेय. मी बायकांना म्हटलं, भरू नका. त्या वहिनीकडे बघायला लागल्या. ती उठली, पाट भिंतीला उभा लावला आणि रिक्षा बघायला बाहेर गेली.

दोन दिवस ती आली नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कारेलीबागेत गेलो. समजूत काढायला जातोय असं मी घरी माझ्या बायकोला सांगितलं होतं. खरं तर तिने माफी मागावी आणि मी ती लगेच देऊन टाकावी, असा माझा विचार होता. सौदा सोपा होता.

जिन्याच्या पहिल्या वळणावरच करपल्याचा वास आला. दूध लागल्याचा, दाट, घशात बसणारा. दार उघडंच होतं. दादा स्वयंपाकघराच्या दारातच खुर्ची टाकून पेपर वाचत बसला होता. पूर्वी तो गॅलरीत बसायचा. मला बघून त्याने मान हलवली, त्याच क्षणी वास त्याच्याकडे पोचला असावा, तो उठला, आत गेला, गॅस बंद केला, खिडकी उघडली आणि परत येऊन पेपर उचलला. हे सगळं त्याने इतकं सवयीने केलं की मी दारातच उभा राहिलो. वहिनी ओट्यापाशी उभी राहून मेथी निवडत होती. पातेलं तिच्या पाठीमागे हातभर अंतरावर होतं.

तिने मागे वळून पातेलं बघितलं आणि मग मला. "गेलं वाटतं दूध," ती म्हणाली.

मी दादाला विचारलं, "कधीपासून?"

"तुझी चक्की आल्यापासून. आधी कमी कमी होत गेलं. होळीपासून काहीच नाही."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तिने शपथ घातली होती."

"शपथ! माझा धंदा बुडायची वेळ आली, दादा! तुला माहीत होतं आणि तू पेपर वाचत बसलास?"

दादाने पेपर खाली ठेवला. तो ओरडणारा माणूस नाही. ते मला नेहमीच जाचतं. "तू कधी विचारलंस?" तो म्हणाला. "रोज तिच्यासमोर उभा असायचास. मी दिवसातून दोन तास बघतो तिला, मला कळलं. तुला आठ तासांत नाही कळलं?"

"तुला आनंदच झाला असेल. लोणचंवाल्याची जिरली म्हणून."

"भांडू नका दोघं," वहिनी आतून म्हणाली. "दूध गेलंय. चहा कोरा मिळेल."

कोरा चहा घेऊन ती बाहेर आली आणि माझ्यासमोर बसली. मी तिला विचारलं, "का केलंत असं? एक शब्द बोलला असतात."

तिने बशीत चहा ओतला. "बोलले असते तर तुम्ही घरी बसवलं असतं."

"नसतं बसवलं."

"बसवलं असतं, भाऊजी. बसवायलाच हवं होतं. तुम्ही धंदा करता." मग म्हणाली, "तिथं मी परात उचलली की सगळ्या गप्प व्हायच्या. इथे मी पातेलं उचललं, चादर उचलली, काहीही उचललं, तर कोण गप्प होतं? मी रंगावर अंदाज करत होते. पांढरी झाली की म्हणायचे झालं. बरेच दिवस जमलं. मग नाही जमलं." ती हसायला लागली. "डोळे पुसायचं मात्र छान जमत होतं."

मी म्हटलं, "शेठने सांगितलं होतं." तिला कळलं नाही मी कुठल्या शेठबद्दल बोलतोय. मी सांगितलं. हूड, थैली, पंखा, सगळं. शेठ काय म्हणाला तेही. दादा ऐकत होता. मला वाटलं, आता तो बोलेल, आणि तो बोलला असता तर मला सोपं गेलं असतं. तो बोलला नाही. पेपरही उचलला नाही. वहिनी म्हणाली, "तुम्हाला काय ठाऊक होतं, एवढं होईल म्हणून." हे तिने मला बरं वाटावं म्हणून म्हटलं. पण मला ठाऊक होतं. एवढं नाही, तरी पुरेसं ठाऊक होतं.

कानानाकाच्या डॉक्टरांकडे मीच तिला नेलं. ते म्हणाले, मिरचीच्या धुळीने आतलं अस्तर भाजून निघालंय. कधी वास परत येतो, कधी नाही. वाट बघा. आम्ही वाट बघितली. आला नाही.

हूड आणि थैली मी लगेच बसवली. शेठकडची गेली होती, नवी करून घेतली. भाव केला नाही. पत्रेवाल्याला मी पहिल्याच आकड्याला हो म्हटलं तेव्हा तो जरा घाबरला, मी चेष्टा करतोय असं त्याला वाटलं. शेडची हवा आठवड्यात स्वच्छ झाली. त्या उन्हाच्या पट्ट्यात काहीच तरंगेना. ती रिकामी हवा बघायला मला अजून आवडत नाही.

मुंबईच्या बाईला मी खरं सांगितलं. ती म्हणाली, लेबलवरची ओळ काढा आणि चाखायला माणसं ठेवा. मी दोघी ठेवल्या, त्या आधी वहिनीच्याच हाताखाली मिरच्या चिरत होत्या. दिवसभर चाखतात, जेवणाआधी, देवाआधी, सगळ्याआधी. माल आता एकसारखा असतो. दिल्लीचं हॉटेल परत आलं. धंदा वाढला, एका शेडच्या दोन शेड झाल्या, विमानतळावरच्या दुकानात बाटल्या गेल्या. लोक मला विचारतात की हे कसं उभं केलं. मी मोठ्या आवाजात सांगतो, कुणाची मदत नव्हती, एकट्याने केलं. दादा जवळपास असला तर हळूच म्हणतो, "हो, आणि आमच्या नाकावर केलं." सगळे हसतात. मीही हसतो. राग येतोच. त्याला माहीत होतं आणि तो बोलला नाही, हे माझ्या पोटात अजून तसंच आहे. पण या रागाला मी जेव्हा जेव्हा उचलून बघतो, तेव्हा त्याच्याखाली तो लाल उन्हाचा पट्टा असतो, म्हणून परत ठेवून देतो.

वहिनीला मी शेडवर परत बोलावलं. नुसतं बसा म्हटलं, सगळ्या मान देतील. ती म्हणाली, "नाक नसलेल्या बाईने परात नाकाला लावायची? त्यापेक्षा मी नाटकात काम करीन." पाट अजून भिंतीला उभा आहे. कुणी त्याच्यावर बसत नाही.

पुढच्या वर्षी गणपतीच्या सकाळी तिचा फोन आला. "भाऊजी, लवकर या. नैवेद्याच्या आधी."

मला वाटलं काही आणायचं राहिलं असेल. गेलो तर स्वयंपाकघरात सगळं तयार होतं. अळूची भाजी, वरण, खीर, मोदक. दादा बाहेर पूजेची तयारी करत होता. वहिनीने स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं, मग कोपऱ्यातल्या देव्हाऱ्याची छोटी दारंही लावून घेतली. एका वाटीत अळूची भाजी काढून माझ्यापुढे धरली.

"मीठ बघा."

"वहिनी, उष्टं होईल."

"म्हणून तर दार लावलंय. देवाला दिसणार नाही."

"तुम्हीच बघा ना. जिभेला कळतं की मीठ."

"कळतं. पण मी नैवेद्याआधी जिभेला लावणार नाही. या वयात ते माझ्याच्याने नाही व्हायचं."

"मग दादाला सांगा."

"ते?" तिने बाहेर बघितलं आणि आवाज खाली आणला. "त्यांना हल्ली सगळं छान लागतं. मीठ नसलं तरी छान, दोनदा पडलं तरी छान. मला बरं वाटावं म्हणून. तुम्ही जन्मभर दुसऱ्याच्या मालात खोट काढलीत. तुम्हीच सांगाल."

मी वाटी तोंडाला लावली. भाजी आंबट-गोड होती, तिच्या हाताची होती, आणि अळणी होती. या बाईच्या हातचा अळणी घास मी कधी खाल्ला नव्हता. फार छान झालीय, असं म्हणायला माझं तोंड उघडत होतं. दादाला जे रोज वाटत असेल ते मला त्या एका घासात वाटलं. मी गप्प बसलो.

ती माझ्याकडे बघत राहिली. मी काही बोलेना तशी हळूच म्हणाली, "भाऊजी, इथे भाव करायचा नाहीये."

"मीठ कमी आहे," मी म्हटलं. "बरंच."

तिने मिठाचा डबा उघडला, चिमूट टाकली, ढवळलं, पुन्हा वाटी भरली. मी चाखलं. "अजून." तिने अजून टाकलं. मग वरण, मग खीर. प्रत्येकात मी खोट सांगत गेलो आणि वहिनी ती भरत गेली. सगळं झाल्यावर तिने माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला, "तोंड धुवा नीट," म्हणाली, आणि मी चूळ भरून पुसेपर्यंत थांबून मगच देव्हाऱ्याची दारं उघडली.

तेव्हापासून प्रत्येक सणाला फोन येतो. मी शेडवर जायच्या आधी तिकडे जातो. दादा दारात भेटतो, म्हणतो, "या, लोणचंवाले." मी काही न बोलता आत जातो.